विहीणबाईंच्या कॉम्प्युटरातलं साल

माझ्या विहीणबाईंच्या घरात एकाच वेळी दोन सालं चालतात. वरच्या मजल्यावर माझी मुलगी, जावई आणि नात राहतात; तिथे तुमचं-आमचं साल. खाली, रस्त्याच्या बाजूला, विहीणबाईंची विणकामाची खोली आहे; तिथे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. मधे एक लाकडी जिना. तो उतरला की माणसाने तेवढ्या वर्षांनी तरुण व्हायला हवं, पण माझ्या गुडघ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा फेकतोय. फेकत नाही. सगळं सांगतो, फक्त माझ्या चालीने सांगू द्या.

आमची पहिली भेट झाली तीच मुळी त्या खोलीत. मुलीने एक दिवस जेवताना जाहीर केलं, "बाबा, मुलगा मी बघितलाय. आता तुम्ही दोघं जाऊन त्याच्या आईवडिलांना बघून या." झालं! मी कोट चढवला, आमच्या हिने कपाटातली ठेवणीतली शाल काढली, आणि आम्ही जाऊन त्यांची बेल वाजवली. दार व्याह्यांनी उघडलं. उंच, शांत, हसरा माणूस. बसगाड्यांची वेळापत्रकं बनवण्यात सगळी नोकरी गेली त्यांची. "या, या, बसा," म्हणाले. "ही खाली आहे. गाडा शेवटच्या ओळींना लागलाय, तेवढा थांबला की येते."

गाडा? आमच्या हिने माझ्याकडे बघितलं. खालून आवाज येत होता, खर्र-खट, खर्र-खट. चहा आला, निवला, कप परत गेले. व्याही हवेबद्दल बोलले. थोडं थांबून पुन्हा हवेबद्दलच बोलले. शेवटी आमची ही उठली. "त्यांना वर यायला सवड नसेल तर आपण जाऊ खाली. लग्न काय सोफ्यावर बसूनच ठरतं असं थोडंच आहे?"

खाली गेलो तर एक ठेंगणीशी बाई, चष्मा कपाळावर, गळ्यात मोजपट्टी, पाठ आमच्याकडे. वळल्यासुद्धा नाहीत. "या. बसा. बोलू नका, टाके उतरतायत."

आता, आमच्या हिला 'बोलू नका' म्हणणारं माणूस आमच्या दोन्ही घराण्यांत तोवर जन्मलेलं नव्हतं. आणि ही मुकाट्याने स्टुलावर बसली! मी मनात म्हटलं, या घरात मुलगी द्यायला अजिबात हरकत नाही. निदान मला बघायला तरी मजा येईल.

विणायच्या यंत्रावर इकडून तिकडे सरकणारा तो गाडा थांबला, बाई वळल्या, चष्मा डोळ्यांवर आला. "आता बोला. मुलगी तुमची मला आवडली. तोंडाने फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही. माझा होकार. फक्त एक अट आहे."

लग्नाच्या बोलण्यात अट हा शब्द निघाला की मुलीच्या बापाला आधी खुर्ची लागते.

"अट एवढीच, की या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही. पुसायलासुद्धा नाही."

तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट बघितला. एके काळी पांढरा असावा. आता पिकल्या दातांसारखा पिवळा. पडद्याला पुढे पोट आणि मागे त्याहून मोठं पोट. पडद्यावर काळोख आणि काळोखात पांढरी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, माउस नाही. जे सांगायचं ते अक्षरं बडवून सांगायचं, आणि एक अक्षर चुकलं की तो 'कळलं नाही' म्हणून गप्प. मला तर तो आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांसारखाच वाटला. त्यांच्याही फळ्यावर काळोख जास्त आणि अक्षरं कमी असत.

माझ्या शेजारी उभे असलेले व्याही हळूच म्हणाले, "एक सांगू का? या कॉम्प्युटरच्या हिशेबाने तुमची मुलगी अजून जन्मलेलीच नाही. तेव्हा तुम्ही घाई करू नका, सावकाश विचार करा."

मला काही ते कळलं नाही, पण मी हसलो. मुलीच्या बापाने हसावं.

कळलं ते पुढे, येणं-जाणं वाढल्यावर. विहीणबाई तरुणपणापासून मोज्यांच्या कारखान्यात होत्या. कारखाना मिटला तेव्हा यंत्रं भंगारात निघाली. बाकीच्या बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या, आणि ह्या बाहेर भंगारवाल्याशी घासाघीस करत उभ्या होत्या. नमुने काढायचं छोटं यंत्र आणि त्याला जोडलेला हा कॉम्प्युटर, दोन्ही हातगाडीवर घालून घरी आणलं. त्याचं करायचं काय, हे त्यांनी आधीच ठरवलेलं. कारखान्याच्या दरवाज्यावरच्या रखवालदाराचा एक पाय कृत्रिम होता. कृत्रिम पायाच्या आत, उरलेल्या पायावर, एक जाड मऊ मोजा चढवावा लागतो. तो सैल असला की चुणी पडते, चुणी घासते आणि कातडी सोलून निघते. घट्ट असला की पाय बधिर होतो. दुकानात मिळतात ते लहान, मध्यम आणि मोठे. आणि माणसांचे पाय या तिघांत बसायला तयार नसतात. विहीणबाई त्या पायाची वरपासून खालपर्यंत ठिकठिकाणी मापं घेतात, कॉम्प्युटरला देतात, कॉम्प्युटर त्याचे टाके करतो, आणि यंत्र त्या एका माणसाचा, त्या एका पायाचा मोजा विणतं. कृत्रिम पाय बनवणारे कारागीर लांबलांबून माणसं त्यांच्याकडे धाडतात.

"मग एवढं चालतंय तर नवा कॉम्प्युटर का नाही घेत?" मी विचारलं होतं. सगळेच विचारतात.

"व्याहीबुवा, यंत्र ज्या कंपनीचं, ती कंपनी उरली नाही. यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम एकच, तो चालतो या एकाच जुन्या सिस्टिमवर. आणि यंत्राची ही मनगटाएवढी वायर जिथे खोचायची, ती जागाच नव्या कॉम्प्युटरला ठेवत नाहीत."

मला आमच्या काकांचा घोडा आठवला. काकांनी जिभेने एक विशिष्ट टॉक् केलं की तो चालायचा. ते टॉक् दुसऱ्या कोणाला जमेना. काका आजारी पडले तेव्हा आम्ही सगळी पोरं घोड्याभोवती उभी राहून दिवसभर टॉक् टॉक् करत होतो आणि घोडा आमच्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. शेवटी काकांना खाटेसकट अंगणात आणलं, त्यांनी एक टॉक् केलं, आणि घोडा निघाला. हे मी विहीणबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "बरोबर आहे. मी काकांची खाट सांभाळते."

आणि काय सांभाळतात! आतली फिरती डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा ती कायमची बसण्याआधीच त्यांनी आणि जावईबापूंनी मिळून तिच्या जागी एक लहानसं कार्ड बसवलं, कॅमेऱ्यात घालतात तसलं. जुन्या सिस्टिमला पत्ताच नाही. तिला वाटतं डिस्कच फिरतेय. फ्लॉपी मिळेनाशा झाल्या, तेव्हा फ्लॉपीच्या फटीत एक डबी बसवली. तिच्यात पेनड्राइव्ह खोचला की ती फ्लॉपी असल्याचं सोंग करते. पंख्यातली धूळ दर महिन्याला दाढीच्या ब्रशने निघते. तो ब्रश व्याह्यांचा. सुटे भाग फुगले की कोपऱ्यावरचा रेडिओवाला ते बदलून देतो. माळ्यावर त्याच जातीचे दोन जादा कॉम्प्युटर झोपवून ठेवलेत, एकाचं काही बिघडलं तर दुसऱ्याचं काढायचं. इंटरनेटची वायर या खोलीत येत नाही. "बाहेरच्या जगातले रोग याला सोसायचे नाहीत," म्हणतात, "आणि याला बाहेरच्या जगातलं काही नकोच आहे." सगळ्या मापांच्या तीन प्रती, एक खाली, एक वर जावयाकडे, एक माझ्याकडे. हो, माझ्याकडे! मी तो पेनड्राइव्ह आमच्या हिच्या दागिन्यांबरोबर ठेवलाय. हिला ते आवडलेलं नाही.

आता सालाचं. तो प्रोग्रॅम सालाचे शेवटचे दोनच आकडे ध्यानात ठेवतो. आजचं साल दिलं की त्याला ते शंभर वर्षांमागचं वाटतं, आणि आज घेतलेलं माप तो सगळ्यांत जुनं समजून तळाशी टाकतो. विणताना मात्र तो नेहमी सगळ्यांत नवं माप उचलतो. म्हणजे घोळच. विहीणबाईंनी यंत्र घरी आणलं त्याच आठवड्यात हे त्यांच्या लक्षात आलं. साल मागे न्यायचं हे उघड होतं, पण किती मागे? तिथे व्याही कामाला आले. वेळापत्रकवाला माणूस. ते म्हणाले, अठ्ठावीस वर्षं मागे जा, तारखा आणि वार हुबेहूब जुळतात. सोमवारी सोमवारच येईल, आणि तुला कोणाला 'बुधवारी या' सांगताना अडखळायला नको. पहिल्या दिवशी ती तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. तेव्हापासून ती खोली तेवढीच मागे चालते.

व्याही जाऊन आता बरीच वर्षं झाली. वरच्या सालात. खालच्या सालात ते रोज सकाळी डबा घेऊन कचेरीत जातात. विहीणबाई हे रडून सांगत नाहीत, हसून सांगतात. एकदा मी जरा मोठ्याने बोललो तर म्हणाल्या, "जपून, व्याहीबुवा. इथे मी चाळिशीची आहे आणि आमचे हे धडधाकट आहेत."

तर सांगत काय होतो, गेल्या थंडीत मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. आमची ही वर नातीबरोबर, आणि मी सकाळ-संध्याकाळ खाली स्टुलावर. एका शुक्रवारी सकाळी टपालवाली आली.

टपालवाली म्हणजे त्या भागात घरोघर टपाल वाटणारी मुलगी. मुलगी म्हणायचं, चांगली दोन पोरांची आई आहे. डावा पाय गुडघ्याखाली लहानपणीच गेलेला. कृत्रिम पायावर चढ-उतार, जिने, गल्ल्या सगळं करायची, आणि तिच्याआधी वस्तीत कोणी जागं होत नसे. मधे आजारी पडली, वाळली, उरलेला पायही वाळला, जुना मोजा सैल झाला, आणि पाय सोलून निघाला. कचेरीने तिला उचलून आतल्या टेबलावर बसवलं, शिक्के मारायला.

"मावशी, सोमवारी कचेरीचा डॉक्टर पाय बघणार आहे," ती म्हणाली. "पाय स्वच्छ दिसला तर माझी वाट मला परत. लाल दिसला तर ती वाट दुसऱ्याला देतायत, कायमची. मी मग आतच."

"आतमध्ये बरं नसतं का?" मी आपलं विचारलं. "पंखा, खुर्ची."

"आजोबा, आतमध्ये पत्रांचे ढीग दिसतात. माणसं दिसत नाहीत. चार महिन्यांत मला कोणी 'काय गं, आज उशीर?' म्हणून टोचून बोललेलं नाही. जीव गेलाय माझा."

विहीणबाई मोजपट्टी काढत म्हणाल्या, "सोमवारी तुझा पाय बाळाच्या गालासारखा असेल. काढ पाय, बस."

मापं घ्यायचं काम सुरू झालं. त्याच वेळी जावईबापू कॉम्प्युटर उघडून बसले होते. आतलं घड्याळ ज्या बॅटरीवर चालतं ती मान टाकत होती, आणि त्या कामासाठी त्यांनी मुद्दाम रजा काढली होती. जावईबापूही कॉम्प्युटरातलेच. दिवसभर कचेरीत नव्याकोऱ्या मशिनींशी खेळतात. आईच्या या म्हाताऱ्याला हात लावायची परवानगी असलेला तेवढा एकच माणूस. नवी बॅटरी बसली, झाकण लागलं, पडदा उजळला. "झालं गं, आई," म्हणाले आणि हात पुसत वर गेले.

विहीणबाईंनी मापं भरली, सूत लावलं, आणि खर्र-खट सुरू झालं. ते सूत मोठं नाजूक असतं, ढगासारखं, बाहेरगावाहून येतं. सूत गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या कोनावर शेवटचं एवढंसं उरलं होतं. मोज्यापुरतं होतं, नवं सूत पुढच्या आठवड्यात येणार होतं, म्हणून कोणी चिंता केली नाही.

शनिवारी टपालवाली घालून बघायला आली. मोजा चढवला, उभी राहिली, आणि तिचा चेहरा पडला.

"मावशी, सैल आहे."

"शक्य नाही."

"बघा ना."

विहीणबाई खाली बसल्या. बोट फिरवलं. पोटरीशी चुणी होती, चांगली दोन बोटं धरता येईल एवढी. त्यांनी मोजपट्टी लावली. कालचंच माप. पुन्हा लावली. तेच.

"सूत ताणलं असेल," मी म्हटलं. माणसाला गप्प बसवत नाही.

"व्याहीबुवा, सूत ताणलं तर सगळीकडे ताणेल. हा गुडघ्याशी नेमका बसलाय आणि पोटरीत सैल आहे." त्यांनी मोजा काढून घेतला, मूठ आत घातली, आणि डोळे मिटून तो मुठीवर फिरवत राहिल्या. टपालवाली माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. मग विहीणबाईंनी डोळे उघडले. "हा पाय माझ्या ओळखीचा आहे. हा तुझाच पाय आहे, पण आजारपणाच्या आधीचा. यंत्राने तुझं जुनं माप उचललंय."

उठल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या, खटखट चार अक्षरं मारली. पडद्यावर तारीख आली. मीही वाकून बघितली. शनिवार बरोबर, महिना बरोबर, आणि साल... साल आपलं! वरच्या मजल्याचं! त्या पडद्यावर ते साल मी कधी बघितलंच नव्हतं. परक्या माणसाने घरात शिरून खुर्ची पकडावी तसं ते तिथे बसलं होतं.

विहीणबाई जिन्याशी गेल्या आणि वर तोंड करून हाक मारली, "अरे ए! खाली ये. काल तुझ्या बाबांना कुठे घालवलंस?"

जावईबापू निम्म्या जिन्यावरच उभे राहिले. तिथून पडदा दिसला, आणि कपाळावर हात गेला. "आई गं! बॅटरी बदलली की हा सुरू होताना तारीख विचारतो."

"मग?"

"विचारलं, आजची तारीख काय. मी सांगितली."

"माहीत असून?"

"माहीत असून. हात सवयीने गेला. दिवसातून शंभरदा तीच तारीख घालतो मी."

"त्याने विचारलं म्हणून लगेच खरं सांगायचं? इतका सरळ मुलगा मला झाला कसा, तेच कळत नाही."

मी हसलो, जावईबापू ओशाळून हसले. टपालवाली हसली नाही. ती पाय हातात धरून बसली होती. "मावशी, दुसरा विणाल ना?" मग तिची नजर रिकाम्या कोनाकडे गेली. "सूत?"

मला वाटलं, आता संपलं. सोमवार दारात, आणि सूत पुढच्या आठवड्यात. पण विहीणबाईंच्या चेहऱ्यावर काळजीची एक रेघ नाही. "सूत आहे ना," म्हणाल्या, "इथेच आहे, फक्त चुकीच्या आकारात आहे." आणि मोज्याचं तोंड उलगडून त्यांनी एक टोक शोधलं. "व्याहीबुवा, हात पुढे करा. दोन्ही. असे. आता हलायचं नाही."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. आणि गोष्ट सांगायची नाही, हात हलतात तुमचे."

हा जुलूम बघा! माझ्या दोन हातांवर तो मोजा उसवून उसवून सूत गुंडाळलं जात होतं. उसवलेलं सूत कुरळं असतं, तसंच विणलं तर टाके लहानमोठे पडतात. म्हणून किटलीत पाणी उकळत ठेवलं होतं, आणि टपालवाली त्या वाफेवर लडी धरून सरळ करत होती. तिच्याच पायाचं सूत, तिच्याच हाताने. नाकावर माशी बसली तरी मला हलायची चोरी. आमची ही जिन्यात आली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "अगंबाई, यांना असं गप्प बसवता येतं? मला आजवर कोणी सांगितलं नाही."

दरम्यान विहीणबाईंनी तारीख मागे नेली. कालचं चुकीच्या सालातलं माप पुसलं, नव्याने भरलं. जावईबापू मागे उभे होते.

"आई, मी एक करतो. सुरू होताना चालणाऱ्या हुकमांत दोन ओळी लिहितो. कोणी काहीही तारीख घालू दे, आजचं साल दिसलं की तो स्वतःच अठ्ठावीस वजा करेल. मग माझा हात गेला तरी हरकत नाही, आणि तुझा गेला तरी नाही."

"माझा जात नाही."

"नाही गं, पण समज."

विहीणबाईंनी जरा विचार केला आणि खुर्ची सोडली. "लिही. पण मोठ्याने वाचत लिही. मला कळलं पाहिजे तू माझ्या घरात काय ठेवतोयस ते."

त्याने लिहिलं, वाचलं. त्यांनी एका जागी थांबवलं. "फेब्रुवारी एकोणतीसला काय करशील?" "अठ्ठावीस वर्षांनी तीही जुळते, आई." "जुळते. बाबांनीही हेच सांगितलं होतं. पुढे लिही." तीनदा बंद करून तीनदा सुरू केला. एकदा मुद्दाम आजचं साल घातलं. त्याने निमूटपणे मागचं करून दाखवलं. जावईबापूंनी विचारलं, "आई, बाबा गेले तो दिवस कधीतरी इथेही येईल ना?"

"येईल की. पुष्कळ वर्षं आहेत अजून, आणि त्याआधी याचं शतक पालटेल त्यावर तोडगा काढावा लागेल. आला तर त्या दिवशी गाडा बंद ठेवीन. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे आहेतच." आणि वाफवलेली लडी पुन्हा माझ्या हातांवर चढवून सूत यंत्राला लावलं.

पहिल्या ओळी उतरायला लागल्या तेव्हा टपालवाली यंत्राला चिकटून उभी. विहीणबाईंनी एका हाताने गाड्यावर लक्ष ठेवलं, दुसऱ्याने तिला मागे सारलं. "सावली पाडू नकोस." एका जागी सूत बारीक झालेलं दिसलं, त्यांनी गाडा थांबवला, ते बोटांत धरून बघितलं, तेवढा तुकडा कापून टाकला, गाठ न मारता टोकं एकमेकांत वळली, आणि पुढे. शेवटची ओळ झाली तेव्हा लडीत हातभर सूत उरलं होतं. माझे हात खाली आले, पण बोटं काही वेळ तशीच ताठ.

मोजा चढला. चुणी नाही. "आता मला बोलून सांगू नकोस, चालून दाखव," विहीणबाई म्हणाल्या. "चढ चढ, मंडईच्या पायऱ्या उतर, वळसा घालून ये. रमतगमत नको, टपाल वाटतेस तशी ये."

ती गेली. आम्ही तिघं दाराशी. कोपऱ्यावरचा रेडिओवालाही विचारायला लागला काय झालं. ती परत आली ती धापा टाकत, गाल लाल. विहीणबाईंना गालांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी तिला बसवलं, पाय काढला, मोजा उतरवला, आणि खिडकीच्या उजेडात कातडी बघितली. विणीची बारीक नक्षी उठली होती, वरपासून खालपर्यंत, सगळीकडे सारखी. कुठे खोल नाही, कुठे पुसट नाही, कुठे लाल नाही. "बघा व्याहीबुवा," म्हणाल्या, "पाय जर वाचता येत असेल तर यात एकही चूक नाही." मी वाकून वाचलं. मला मास्तरांनी शिकवलं त्यातलं हे नव्हतं, पण सुबक अक्षर मला कळतं.

सोमवारी सकाळपासून मी खालीच. नातीने हाक मारली, गेलो नाही. विहीणबाई मात्र दुसऱ्या कुणाचा मोजा विणत होत्या, जणू सोमवार म्हणजे कुठलाही एक वार.

"तुम्हाला धाकधूक नाही वाटत?" मी विचारलं.

"डॉक्टर काय बघणार आहे? मी शनिवारी बघितलं तेच."

दुपार कलली तरी फोन नाही. मी दोनदा बघून आलो फोन जागेवर आहे का. संध्याकाळी वाजला तेव्हा उचलला मीच, आणि आधी काही ऐकूच येईना. नुसता श्वास आणि मागे कुत्र्याचं भुंकणं.

"आजोबा! मावशींना द्या!"

मी फोन विहीणबाईंच्या कानाशी धरला, त्यांचे हात गाड्यावर होते. आवाज एवढा मोठा की मलाही सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरने पाय बघितला, दाबला, पुन्हा बघितला, आणि म्हणाला, जा. तिथल्या तिथे तिने साहेबाकडून पिशवी घेतली आणि वाटेला लागली. तिसऱ्याच गल्लीत एका म्हातारीने विचारलं, चार महिने कुठे उलथली होतीस? ते ऐकून तिला रडू आलं.

"आणि मावशी, ऐका ना, वरच्या गल्लीत नवीन कुत्रा ठेवलाय कुणीतरी. मला ओळखत नाही. आला अंगावर."

"मग?"

"मग मी पळाले!"

गाडा ओळीच्या टोकाशी थांबला. विहीणबाईंनी तो तसाच थांबवून ठेवला.

"पळालीस?"

"पळाले, मावशी! पिशवी सांभाळत, गल्लीच्या फाटकापर्यंत! पळाले मी!"

विहीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे पुसले, आणि फोनमध्ये ओरडल्या, "अगं मग आता फाटकाबाहेर उभी राहून मला काय सांगतेस? आतल्या घरांची पत्रं कोण वाटणार?"